परत वाचून दाखव

मंगळवार, ४ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद तुला ठाऊक आहेत, ते दरवेळी लिहून शाई संपवायची नाही. हे पत्र मी सांगते आहे आणि तुझा बाप लिहितो आहे. दचकू नकोस. त्यालाही काही झालेलं नाही आणि मलाही नाही. वरच्या मजल्यावरच्या टेलरबाईकडून लिहून घेतलं असतं, पण जिना म्हटलं की माझा गुडघा रुसतो. घरात लिहिता-वाचता येणारा माणूस एकच, आणि तो तुझ्याशी दोन वर्षं बोलत नाही. मी म्हटलं, नको बोलूस. लिहायला तोंड कुठं लागतं? मी सांगते, तू उतरव. त्यावर तो पेनाचं टोपण चावायला लागला. आत्ताही चावतो आहे. हेसुद्धा लिही. लिहिलंस? वाचून दाखव.

वाचलं. बरोबर.

आता तू विचारशील, म्हातारे, फोन का नाही करत? एक तर फोनवर मला अर्धंच ऐकू येतं. दुसरं, मी तुला फोन लावला की हा उठून गॅलरीत जातो आणि कुंड्यांना पाणी घालतो. त्या कुंड्यांतली झाडं आता कुजायला आली आहेत. पत्राला त्याला बसावं लागतं.

घरचं सगळं ठीक. न्हाणीतला नळ गळत होता, तो तुझ्या बापानं तीन रविवार दुरुस्त केला, आता आधीपेक्षा जास्त गळतो. सव्वीस वर्षं वीजकेंद्रात बॉयलरच्या पॅनलवर बसलेला माणूस, त्याला नळ आवरत नाही. पॅनलवर तो आता नसतोच म्हणा. स्टोअरमध्ये बसवला आहे. हातमोजे आणि हेल्मेटं देतो-घेतो. "हे कशाला सांगतेस तिला?" म्हणतो. का रे, तिला माहीत नाही का?

भिंगरे, तुला जेवायला सुट्टी मिळते का, की त्या मोठ्या पडद्यासमोर बसूनच डबा खातेस? एवढंच कळव. बाकी काही कळवावंसं वाटलं तर आमचा लेखनिक वाचून दाखवेल. आवाज चांगला आहे त्याचा.

तुझी आजी

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र आलं. अर्थात त्यानंच वाचलं, दुसरं कोण आहे? "बाबा कसे आहेत" या ओळीवर त्याला ठसका लागला. पाणी प्यायला आणि थेट पुढची ओळ वाचू लागला. मी म्हटलं, अरे, प्रश्न आलाय, त्याचं उत्तर? म्हणतो, "पत्र तुला आहे." बरं. मग मीच देते. बरा आहे. वजन उतरलंय, पीळ उतरला नाही.

ग्रहणाचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचून घेतलं. मला कळलं ते असं, चुकलं तर सांग. दुपारचं ऊन आता इतकी वीज देतं, की कोळशाच्या बॉयलरला सांगावं लागतं, बाबा रे, मंद हो. ऊन उतरलं की म्हणायचं, आता पेट. वारा सुटला की मंद हो, वारा पडला की पेट. कुणाला मंद व्हायचं आणि कुणाला पेटायचं, हे फोनवर सांगायला तुझी लोड डिस्पॅचची खोली. आणि लोकांनी बटण दाबल्याच्या त्या क्षणाला सगळं जुळायला हवं, कारण वीज डब्यात भरून ठेवता येत नाही. तुमच्या बॅटऱ्यांत थोडी राहते म्हणतेस, पण ती म्हणजे अचानक पाहुणे आले तर पुरेल एवढी. आणि येत्या बारा मार्चला, बुधवारी, भर सकाळी सूर्य झाकला जाणार आणि दुपारच्या आत दुप्पट जोरानं परत येणार. बॉयलरनं एकाच सकाळी मंद, मग भडक, मग पुन्हा मंद व्हायचं.

मंद केलेला स्टोव्ह आधी भकभकतो आणि मग विझतो, हे मला कुणी शिकवायला नको. तुझा बाप म्हणाला, "स्टोव्ह नाही आई, सात मजली भट्टी आहे. ती ऐन वेळी विझली तर परत चढेपर्यंत अर्धं शहर अंधारात." घरात दोन वर्षांत एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदा बोलला. मी लगेच म्हटलं, हे लिही.

सगळ्यात शेवटी तू विचारलंस, तीन नंबर युनिटच्या पॅनलवर त्या दिवशी कोण असेल. ही ओळ बारीक अक्षरात आहे असं त्यानं आपणहून सांगितलं. मी त्यालाच विचारलं, कोण असेल रे?

"मोठ्या साहेबांनी मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

"का?"

"ज्या फोनवर माझी शोभा झाली, तो फोन मी पुन्हा उचलणार नाही."

त्याचे शब्द आहेत, मी मीठ-मिरची लावलेली नाही. तू म्हणतेस मंद आचेवर ती भट्टी सांभाळणारा तिथं दुसरा कुणी नाही. तो म्हणतो पुष्कळ आहेत. तुम्ही दोघं काय ते ठरवा, माझा गुडघा दुखतो.

वाचून दाखव. वाचलं.

तुझी आजी

शनिवार, २२ फेब्रुवारी

भिंगरे,

हे अक्षर वेगळं दिसलं असेल. टेलरबाई लिहिते आहे. सतरा पायऱ्या चढून आले. गुडघ्याला म्हटलं, आज रुसायचं नाही, आज काम आहे.

मला अक्षर येत नाही, पण पेन किती हलतं ते दिसतं. मागच्या पत्रात मी एक चांगलं ऐसपैस वाक्य सांगितलं होतं, आणि पेन मात्र जागच्या जागी थरथरत होतं. "वाचून दाखव" म्हटलं तर वाक्य बिनचूक वाचलं. पण माझा मुलगा आहे तो, लहानपणी औषध प्यायल्यासारखं करून गालात धरून ठेवायचा. पाकीट पेटीत टाकण्याआधी मी ते पदराखाली घालून तेव्हाही वर आले होते आणि हिच्याकडून वाचून घेतलं. वाक्य नव्हतंच! मला तोंडावर वाचून दाखवलं आणि कागदावर लिहिलंच नाही.

ते वाक्य आता टेलरबाईच्या हातून पाठवते. रोज संध्याकाळी बातम्या संपल्यावर हवामान सांगतात, तेव्हा तुझा बाप टीव्हीचा आवाज मोठा करतो. आपल्या गावाचं नाही ऐकत. त्या डोंगरावर तुमच्या पवनचक्क्या आहेत ना, तिथला वारा किती असेल ते ऐकतो. जोराचा असेल तर त्या रात्री त्याचं जेवण अर्धं.

पत्र मी पुन्हा बंद करून पेटीत टाकलं. त्याला काही बोलले नाही. तूही बोलू नकोस. नाहीतरी बोलत नाहीच आहात.

टेलरबाई म्हणते, तिचीही एक ओळ घाल. तिचा नमस्कार. झालं.

तुझी आजी

रविवार, २ मार्च

भिंगरे,

आज लेखनिक पुन्हा घरचाच आहे. आज मी त्याला आधीच बजावलं आहे, की जे सांगेन ते सगळं लिहायचं, आणि लिहून झालं की मी हे टेलरबाईकडून तपासून घेणार. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पकडलेल्या मांजराचा होतो तसा.

तर ऐक. तू पण ऐक आणि लिहिता लिहिता तो पण ऐकेल.

दोन वर्षांपूर्वी त्या वादळाच्या संध्याकाळी काय झालं ते मला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं आहे. मला जे पटलं ते असं. वारा इतका सुटला की डोंगरावरच्या सगळ्या चक्क्या स्वतःला जपायला एकदम थांबल्या. तू इथं फोन केलास, "युनिट तीन, दोनशेवर या." म्हणजे याच्या भट्टीनं दोनशे मेगावॅट वीज द्यायची. तुमचा नियम असा, की सांगितलेलं ऐकणाऱ्यानं शब्दाला शब्द परत म्हणायचं, मग सांगणाऱ्यानं म्हणायचं बरोबर, आणि मगच हात लावायचा. म्हणजे मी पत्र वाचून घेते तसंच. तुझ्या बापानं सव्वीस वर्षं ते केलं. त्या दिवशी त्याला तुझा आवाज ओळखू आला आणि तो नियम विसरला. परत म्हणण्याऐवजी म्हणाला, "अगं थांब, भट्टी गार आहे, अशी एकदम चढवतात का? तुला काय कळतं? काल तर पाळण्यात होतीस!" तू सांगत राहिलीस, तो समजावत राहिला. सहा मिनिटं. चाळीस मिनिटं शहर काळोखात गेलं.

आणि तो फोन रेकॉर्ड होतो. चौकशीत दहा साहेबांसमोर वाजवला. "काल तर पाळण्यात होतीस." साहेब हसले म्हणे. आणि तू लिहून दिलंस, हुकूम परत म्हटला नाही, सहा मिनिटं वाद झाला. खरं ते लिहिलंस. त्याला वाटलं, पोटच्या पोरीनं मला लेखी दिलं. तुला वाटलं, बापानं मला दहा माणसांत कुकुलं बाळ केलं. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच मिटेना.

आता माझं. हे मी दोन वर्षं गालात धरून ठेवलं. आडात असतं तेच पोहऱ्यात येतं. ते पाळण्याचं वाक्य त्याचं नाहीच. माझं आहे. त्यानं बॉयलरची नोकरी धरली तेव्हा मी म्हटलं होतं, तुला काय कळतं, काल पाळण्यात होतास. लग्न ठरवलं तेव्हाही तेच. तुझी आई गेल्यावर नऊ वर्षांच्या तुला तो एकटा सांभाळायला निघाला, तेव्हासुद्धा मी तेच म्हटलं. तेव्हा तरी म्हणायला नको होतं. आयुष्यभर त्यानं माझ्याकडून ते ऐकलं, आणि घाबरला तेव्हा तेच तोंडातून निघालं. तुझ्यावर चिडला नव्हता तो. भट्टी फुटेल म्हणून घाबरला होता, आणि घाबरल्यावर आमच्या घरात हेच बोलतात.

पेन थांबलंय. मी वाट बघते आहे.

चष्मा पुसतोय. धूळ गेली म्हणतो डोळ्यात. खिडकी बंद आहे.

चाललं पेन. लिही: चूक माझी आधीची आहे, तुमची नंतरची. वाचून दाखव.

आज त्यानं इतकं हळू वाचलं की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. पण सगळं वाचलं.

तुझी आजी

ता. क. पाकीट चिकटवताना म्हणाला, "आई, बारा तारखेला सकाळी लवकर निघावं लागेल. डबा सहालाच दे." मी विचारलं नाही, कुठल्या खात्यात. एवढी अक्कल मलाही आहे.

गुरुवार, १३ मार्च

भिंगरे,

काल मी काय केलं ते आधी ऐक, कारण तुम्ही दोघांनी केलं ते सगळ्या शहराला माहीत आहे. म्हणजे कुणालाच माहीत नाही. कुणाच्या घरी काही झालंच नाही ना! तेच तर तुमचं काम. चांगलं झालं की कुणाला कळत नाही.

मी पंख्याखाली खुर्ची घेऊन बसले. सूर्याकडे बघायचं नाही असं तू बजावलं होतंस, म्हणून स्वयंपाकघरातली चाळणी गॅलरीत उन्हात धरली. भिंतीवर एरवी गोल ठिपके पडतात. काल प्रत्येक ठिपक्याची कोर झाली. शंभर-दोनशे बारीक कोरी, भिंतभर. मी पुष्कळ ग्रहणं पाहिली, पण भिंतीवर अशी कधी बघितली नव्हती. मग उजेड पितळेसारखा झाला, गारठलं, समोरच्या तारेवरचे पक्षी गप्प झाले. आणि मी मान वर करून पंख्याकडे बघत बसले. तो सूर बदलतो का, ऐकत. तुम्ही म्हणता ना, विजेच्या ठोक्यांचा पन्नासचा आकडा हलला नाही पाहिजे, तसा माझा आकडा म्हणजे पंखा. मानेला रग लागली, पण पंख्यानं सूर सोडला नाही.

तुझा बाप संध्याकाळी आला आणि म्हणाला, "झालं." बस. नशीब माझं, मागोमाग त्याचा पॅनलवरचा जोडीदार आला, तो ढेरपोट्या टर्बाइनवाला. त्याला दोनदा चहा पाजला आणि सगळं काढून घेतलं. चुकत असेल तर तुझा बाप इथं बसलाय, दुरुस्त करेल. करत नाहीये, म्हणजे बरोबर आहे.

दहाला युनिट नव्वदवर होतं. साडेदहाला तुझा फोन. "युनिट तीन, दोनशेवर या." खोलीत सगळे याच्याकडे बघायला लागले. दोन वर्षांपूर्वी इथंच तो ते पाळण्याचं वाक्य म्हणाला होता. काल म्हणाला, "युनिट तीन. दोनशेवर या." तू म्हणालीस, "बरोबर." टर्बाइनवाला म्हणतो, पुढचे दीड तास असंच चाललं. तू एक म्हणायचीस, तो तेच म्हणायचा, तू बरोबर म्हणायचीस. "आजी, तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत न बोललेले बाप-लेक एवढं बोलले, आणि एकही शब्द स्वतःचा नव्हता."

मग ऊन परत यायला लागलं. तुमच्या अंदाजाआधीच ढग हटले आणि वीज बदाबदा आली. तू म्हणालीस, "युनिट तीन, ऐंशीवर या." ऐंशीवर ती भट्टी आजवर कधी गेली नव्हती. तरणा इंजिनिअर म्हणाला, विझेल. तुझ्या बापानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "युनिट तीन. ऐंशीवर या." "बरोबर." फोन टर्बाइनवाल्याच्या हातात दिला, खिशातली निळी काच काढली आणि स्वतः भट्टीपाशी गेला. त्या बारक्या झरोक्याला काच लावून ज्वाळा बघत उभा राहिला, आणि तिथून हाताच्या खुणेनं सांगत गेला, तेल थोडं, हवा कमी, अजून कमी. ज्वाळा लटपटली म्हणे. एकदा काळी पडल्यासारखीही झाली. याचा हात वर तसाच. मग ती सरळ झाली. ऐंशीवर, काडेपेटीतल्या काडीसारखी सरळ.

सव्वा वाजता हा पॅनलवर परत येऊन बसला होता, तेव्हा तू म्हणालीस, "युनिट तीन, आहे तिथंच राहा." हा परत म्हणाला. तू बरोबर म्हणालीस. आता दोघांनी फोन ठेवायचा. कुणीच ठेवेना. टर्बाइनवाला म्हणतो, नुसता खरखर आवाज. आणि मग तू म्हणालीस,

"युनिट तीन, जेवलात का?"

आणि हा माझा दिवटा, सव्वीस वर्षांच्या सवयीनं, ताठ बसून, रेकॉर्डवर म्हणतो,

"युनिट तीन. जेवलात का."

तू म्हणालीस, "बरोबर." आणि यानं फोन ठेवून दिला! अरे, प्रश्न होता तो! सगळी खोली हसली आणि मग याच्या लक्षात आलं. टर्बाइनवाला म्हणतो, तो पण हसला. मी म्हटलं, अशक्य. म्हणतो, "शपथ, आजी."

आता हे लिहिताना हसतोय का, बघते. पेन थांबवून हसतोय. मला बरं वाटतंय, भिंगरे. फार दिवसांनी पोटातली वीट काढून ठेवल्यासारखं. मोठ्या साहेबांनी त्याला पॅनलवर परत घेतलं आहे, आणि तरण्या पोरांना मंद आचेवर भट्टी कशी धरायची ते शिकवायला सांगितलं आहे. निळी काच तो आता उशाशी ठेवतो. मी विचारलं, झोपेत कुणाची ज्वाळा बघणार आहेस?

वाचून दाखव. वाचलं. बरोबर.

तुझी आजी

हे खालचं आईनं सांगितलेलं नाही आणि तिला वाचून दाखवणार नाही. बुधवारी जेवलो नव्हतो. डबा तसाच परत आणला आणि तिला खाल्ला म्हणून सांगितलं. त्या वेळी तू लिहून दिलंस ते खरं होतं. मला ते तेव्हाच परत म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. हुकूम परत म्हटला नाही, सहा मिनिटं वाद झाला. आता म्हटलं. सुट्टी मिळेल तेव्हा ये.

बाबा

रविवार, ६ एप्रिल

पॅनलवरच्या साहेबांस,

अरे, हे पत्र तुला तुझ्या डब्याच्या वरच्या कप्प्यात सापडेल. आज मी सांगते आहे आणि भिंगरी लिहिते आहे. काल संध्याकाळी तू तिला घ्यायला स्टँडवर एक तास आधी जाऊन उभा राहिलास, हे मला टर्बाइनवाल्याकडून कळलं. आणि ती उतरली तेव्हा तिची बॅग हातात घेऊन तू काय बोललास? "गाडी वेळेवर आली." दोन वर्षांनी! पण ती म्हणते, बसमधून उतरल्यावर तिला एवढंच ऐकायचं होतं. असतील बाबा तुमच्या खात्याच्या पद्धती.

तिनं नळ दुरुस्त केला. दहा मिनिटांत. मी काही बोलत नाही.

तू तेरा तारखेच्या पत्राखाली जे चोरून लिहिलंस, ते तिनं मला वाचून दाखवलं. डबा न खाता परत आणलास आणि मला खोटं सांगितलंस, ते मी लक्षात ठेवलं आहे. बाकीच्याबद्दल मला तुला एक वाक्य सांगायचं आहे. ते मी आधी कधी सांगितलं नाही, म्हणून भिंगरीला म्हटलं, सावकाश लिही. ते असं: तुला कळतं. तू पाळण्यात होतास तेव्हाही कदाचित कळत असेल, मीच विचारलं नाही.

ती लिहिता लिहिता थांबली आहे. खिडकी बंद आहे, पण हिच्याही डोळ्यात धूळ गेली म्हणे. तुमच्या घराण्याला धुळीचा त्रास दिसतो.

तर आता काम. आज ऊन कडक आहे, वाराही आहे, म्हणजे दुपारभर तुला मंद आचेवर बसायचं आहे. भट्टीला बघणारे तिथं चार जण तयार केलेत तू. दहा मिनिटं काच खिशात घाल आणि डबा उघड. हा हुकूम आहे. शब्दाला शब्द परत म्हण, मग जेव, आणि रिकाम्या डब्यात उत्तर लिहून पाठव. मला वाचता येत नाही, पण रिकामा डबा कळतो.

भिंगरीनं हे सगळं मला परत वाचून दाखवलं. पेन कुठंही जागच्या जागी थरथरलं नाही, मी बघत होते.

बरोबर.

तुझी आई